नोंद वाढली, म्हणून रोग वाढला?

जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेले क्षयरोग अधिकारी, पर्यवेक्षक, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि आशाताईंनो,

आज एकच प्रश्न मांडतो. क्षयरोग कमी होतो आहे, हे आपण कशावरून म्हणायचं?

देशात २०१९ साली सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद झाली. २०२० साली ती १८ लाखांवर आली. नुसता आलेख पाहणाऱ्याला वाटावं, केवढी मजल मारली! प्रत्यक्षात टाळेबंदीत बाह्यरुग्ण विभाग ओस पडले होते, आपली यंत्रं आणि माणसं कोविडच्या कामाला लागली होती आणि खोकणारा माणूस घरातच खोकत होता. रोग तिथेच होता, आपलंच तिकडे जाणं थांबलं होतं. २०२३ साली नोंद २५ लाखांपुढे गेली, ती मला चांगली बातमी वाटते. तरीही आढावा बैठकीत आकडा वाढलेल्या तालुक्याला जाब विचारला जातो. जो शोधतो त्यालाच बोलणी बसली, तर पुढच्या वर्षी कोण शोधेल?

नोंद हा आपल्या कामाचा आकडा आहे, रोगाचा नव्हे. रोगाचा आकडा हवा, तर दारोदार जावं लागतं. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय पाहणीत तसं झालं. पंधरा वर्षांवरच्या लोकांत फुप्फुसाचा, जंतू सापडलेला क्षयरोग लाखामागे ३१६ जणांना आढळला. केरळात ११५, दिल्लीत ५३४. पण मला अस्वस्थ केलं ते दुसऱ्याच दोन आकड्यांनी. लक्षणं असलेल्यांपैकी ६४ टक्के लोक कुठल्याच दवाखान्याची पायरी चढले नव्हते. आणि छातीचा एक्स-रे काढला नसता, तर सापडलेल्यांतले जवळपास ४३ टक्के रुग्ण निसटले असते. ‘खोकला आहे का?’ एवढंच विचारून पुढे जाणाऱ्या आपल्या मोहिमांनी हे मनावर घ्यायला हवं.

खासगी दवाखान्यांची कथा निराळी. २०१४ सालच्या औषधविक्रीवरून संशोधकांनी अंदाज बांधला, की सुमारे २२ लाख रुग्ण खासगीत उपचार घेत होते. नोंद सक्तीची होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती! आता खासगी डॉक्टर बऱ्याच प्रमाणात कळवू लागले आहेत, त्यांचे आभार.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१५ साली भारतात लाखामागे २३७ जणांना नव्याने क्षयरोग होत होता, २०२४ साली १८७ जणांना. ही २१ टक्के घट आहे आणि तिच्यामागे तुमचे श्रम आहेत. पण आपण ठरवलं होतं २०२५पर्यंत ८० टक्के. हे अंतर लपवून कुणाचंच भलं होणार नाही.

म्हणून या परिषदेने ठराव करावा. जिल्ह्याच्या आढाव्यात पहिला प्रश्न असावा, लाखामागे किती जण तपासले. तपासण्या भरपूर होऊनही त्यांतले बाधित सातत्याने घटत गेले, तर घट बरीचशी खरी मानता येईल. दुसरा प्रश्न मृत्यूंचा. प्रत्येक मृत्यूची घरी जाऊन चौकशी व्हावी: निदान केव्हा झालं, औषध केव्हा सुरू झालं, घरात खायला काय होतं. आणि उपचारांदरम्यान दर भेटीत रुग्णाचं वजन घ्या. झारखंडमधल्या पोषण-अभ्यासात पहिल्या दोन महिन्यांत वजन वाढलेल्या रुग्णांत मृत्यूचा धोका बराच कमी आढळला. उपचारपत्रिकेत वजनाचा रकाना आहेच. येत्या महिन्यापासून तो एकाही रुग्णाचा कोरा राहू नये, एवढी माझी मागणी आहे.