पान लागतं तेव्हा मेंदू जागा असतो

मी राजुरीचा. जुन्नर तालुक्यात आळेफाट्यावरून बेल्ह्याकडे जाताना लागणारं आमचं गाव. ऊस, कांदा, दूध यांवर जगणारं. आज मला मानवी मज्जासंस्थेविषयी बोलायचं आहे. शाळेच्या पुस्तकात तिचं चित्र असतं: वर मेंदू, खाली शेपटासारखा मज्जारज्जू आणि दोन्ही बाजूंना फुटलेल्या तंतूंच्या फांद्या. नावं पाठ होतात, परीक्षा झाली की विसरतात. पण ही संस्था काय काम करते ते आमच्या भागातला माणूस फार वेगळ्या प्रसंगी शिकतो. घरात कुणाला पान लागलं की शिकतो. साप हा शब्द रात्री उच्चारायचा नाही, म्हणून आपण ‘पान लागलं’ म्हणतो.

पावसाळ्याचे दिवस. मळ्यातल्या घरात एक जण जमिनीवर गोधडी टाकून झोपलेला. पहाटे पोटात कळ येऊन त्याला जाग येते. घरच्यांना वाटतं, रात्रीचं जेवण बाधलं. ओवा देतात, गरम पाणी देतात. थोड्या वेळानं तो म्हणतो, डोळे उघडत नाहीत. पापणी बोटानं वर केली तर म्हणतो, एकाची दोन माणसं दिसतात. मग बोबडी वळते, थुंकी गिळता येत नाही, मान धरत नाही. अंगावर जखम शोधावी तर सापडत नाही. सूज नाही, रक्त नाही. हा मण्यारीचा दंश. तिचे दात बारीक, दंश बहुधा दुखतही नाही, आणि ती रात्रीची, झोपलेल्या माणसाला चावते.

आता या माणसाच्या शरीरात काय चाललंय ते पाहू.

आपला मेंदू साधारण 1400 ग्रॅम वजनाचा. त्यात सुमारे 8600 कोटी चेतापेशी. त्याच्या बुंध्यापासून मज्जारज्जू निघतो आणि पाठीच्या मणक्यांच्या नळीतून कमरेपर्यंत उतरतो. मेंदूतून चेतातंतूंच्या 12 जोड्या निघतात, मज्जारज्जूतून 31. कमरेजवळून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा एकेक तंतू म्हणजे एकाच पेशीचा सुमारे मीटरभर लांब धागा असतो. काही तंतू बाहेरची खबर आत नेतात: चटका, काटा, थंडी, चव, आवाज. काही तंतू आतला हुकूम बाहेर स्नायूंकडे नेतात. जाण्याची वाट वेगळी, येण्याची वेगळी. हे एवढं लक्षात ठेवा, पुढं त्याचीच गरज पडणार आहे. तापलेल्या तव्याला बोट लागलं की हात आधी मागे येतो आणि ‘भाजलं’ हे नंतर कळतं, कारण तो हुकूम मज्जारज्जूतूनच सुटतो. मेंदूपर्यंत जाऊन परत येण्याइतका वेळ घालवत नाही.

तंतूतून निरोप विजेच्या लहरीसारखा धावतो. सर्वांत वेगवान तंतूंत तो सेकंदाला शंभर मीटरच्याही पुढे जातो. पण तंतू स्नायूला चिकटलेला नसतो. मध्ये फट असते, केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याइतकी. वीज ती फट ओलांडत नाही. तंतूच्या टोकाशी बारीक पिशव्यांत ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन भरलेलं असतं. निरोप आला की पिशव्या फुटतात, रसायन फटीत सांडतं, पलीकडे स्नायूवर त्यासाठीच बसवलेल्या कुलपांत शिरतं आणि स्नायू आकसतो. निरोप असा रसायनातून पोचतो, हे ऑटो लोवी या शास्त्रज्ञानं 1921 साली बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून दाखवलं. 1936 साली त्याला आणि हेन्री डेल यांना त्यासाठी नोबेल मिळालं.

विषाचा घाला नेमका या फटीवर पडतो. नागाचं विष पलीकडच्या कुलपात जाऊन बसतं. किल्लीला जागाच उरत नाही. मण्यारीचं विष तेही करतं, आणि शिवाय अलीकडच्या तंतूचं टोकच उद्ध्वस्त करतं. रसायनाच्या पिशव्या रित्या होतात, नव्या भरत नाहीत. म्हणून नागाच्या दंशात योग्य औषधांनी रुग्ण पुष्कळदा लवकर सावरतो, तर मण्यारीच्या दंशात तंतूची टोकं नव्यानं फुटेपर्यंत कित्येक दिवस जातात. तैवानमध्ये मिळणाऱ्या मण्यारीच्या एका जातीचं विष तिथल्या संशोधकांनी 1963 साली वेगळं केलं, आणि पुढं त्याच विषाच्या मदतीनं शास्त्रज्ञांना स्नायूवरची ती कुलपं हाती लागली.

सगळ्यात आधी पापण्या का पडतात? डोळ्यांचे, घशाचे बारीक स्नायू लवकर हार खातात. सर्वांत घातक असतं ते छातीच्या तळाशी असलेलं श्वासपटल थांबणं. तोही स्नायूच, त्यालाही हुकूम लागतो. हृदयाचं तसं नाही. त्याचे ठोके त्याच्या आतच उमटतात. चेतातंतू फक्त वेग कमी-जास्त करतात. म्हणून श्वास थांबत आलेला असतो आणि नाडी मात्र चालू असते. अशा वेळी श्वास यंत्रानं चालू ठेवला तर माणूस वाचतो.

आणि मेंदू? हे विष मेंदूत शिरत नाही. मेंदू जागा असतो. आत येणारी खबरही बंद होत नाही. अतिदक्षता विभागात नळी घातलेला तो माणूस दगडासारखा पडलेला दिसतो, बाहुल्यासुद्धा प्रकाशाला हलत नाहीत, नातेवाईक समजतात संपलं. पण त्याला सुई टोचलेली कळते. उशाशी कोण रडतंय ते कळतं. कुणी ‘आता काही खरं नाही’ म्हणालं तर तेही तो ऐकतो. फक्त ‘मी आहे’ म्हणायला त्याच्याकडे बोट हलवण्याइतकाही स्नायू उरलेला नसतो. अशा माणसाजवळ जाताना त्याचा हात हातात घ्या. त्याच्याशी बोला. तो ऐकतोय.

आता एका रिवाजाबद्दल मला फार कळकळीनं सांगायचं आहे. साप चावलेल्याला लिंबाचा पाला आणि मिरची खायला देतात. कडू लागलं, तिखट लागलं, तर विष चढलं नाही असं समजतात आणि देवळात किंवा घरी बसवून ठेवतात. चव ही आत जाणारी खबर आहे. ती वाट या विषानं अडत नाही. शेवटपर्यंत मिरची तिखटच लागणार. या परीक्षेनं माणसं दगावली आहेत. आणि देवळात बसवलेले काही जण बरे होतात ते यासाठी, की चावलेला साप बिनविषारी असतो, किंवा विषारी असूनही त्यानं विष सोडलेलं नसतं. हे आधी ओळखण्याचा घरगुती उपाय कुणाकडेही नाही.

विषावर एकच उतारा आहे, प्रतिसर्पविष. आपण लस म्हणतो ती. घोड्यांना विषाच्या लहान मात्रा देऊन त्यांच्या रक्तातून ती तयार होते. मुंबईच्या हाफकिनचं नाव त्यासाठी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घेतलं जातं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर तीच चालते. पण ती रक्तात फिरणारं विष पकडते. तंतूचं मोडलेलं टोक सांधत नाही. अर्धा तास आधी मिळाली तर जे टोक वाचलं असतं, ते अर्धा तास उशिरा वाचत नाही.

आपल्या भागाचं भाग्य असं, की नारायणगावात डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत यांनी अनेक वर्षं सर्पदंशाच्या हजारो रुग्णांवर उपचार केले आहेत, आणि गावोगाव जाऊन लोकांना समजावलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं ते 2017 साली. भारतात 2000 ते 2019 या काळात वर्षाला सरासरी 58,000 माणसं सर्पदंशानं गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांतली बहुतेक खेड्यातली. मला या आकड्यात रात्रीच्या विजेवर पाणी भरायला गेलेला शेतकरी दिसतो, कोपीत जमिनीवर निजलेली ऊसतोडीची पोरं दिसतात.

जमिनीवर झोपू नका. खाट नसेल तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. रात्री बॅटरी आणि बूट यांशिवाय उसात, कांद्याच्या चाळीत पाऊल टाकू नका. पान लागलंच तर कापू नका, चोखू नका, दोरी करकचून बांधू नका. हातापायाला फळीचा आधार द्या, माणसाला चालवू नका, धीर द्या. साप शोधत बसू नका. पहाटे पोट दुखून पापण्या जड झाल्या तर जखम दिसत नसली तरी मण्यारच समजा, आणि उजाडायची वाट न पाहता 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं दवाखान्यात न्या.