मत्स्यपेटीचा दिवा



निर्मळ म्हटलें कीं वसई पट्ट्यांतील माणसास आधीं आठवतें तें तेथील तळें, शंकराचार्यांचें मंदिर आणि कार्तिकांतील यात्रा. अशा कोणत्याहि तळ्यावर सकाळीं ऊन हळूहळू चढतें, दुपारीं तें पाण्यांत खोल उतरतें आणि सायंकाळीं हलकेच निघून जातें. या नेमावर पाणवनस्पती वाढतात आणि मासे आपली हालचाल व विश्रांति ठरवितात. आतां हेंच तळें दोन फूट लांबीच्या कांचेच्या पेटींत भरून आपण दिवाणखान्यांत ठेवलें, तर सूर्याचें काम कोणीं करावयाचें? हा प्रश्न दिसतो तितका चैनीचा नाहीं. कारण पाणी, वीज आणि मुलांचे हात हीं तिन्ही त्यांत एकाच ठिकाणीं येतात.

पूर्वीं अशा पेटीवर विजेचा साधा गोळा लावीत. तो घेतलेल्या शक्तीचा बहुतेक भाग उष्णतेंत घालवी. पुढें नळीचे दिवे आले, आणि आतां त्यांची जागा एलईडीनें घेतली आहे. एलईडी म्हणजे अर्धवाहक पदार्थाचा, वीज जातांच प्रकाश देणारा इवलासा कण. डोळ्यांस दिसणारा तांबडा प्रकाश देणारा कण निक होलोन्याक यांनीं १९६२ सालीं करून दाखविला. परंतु निळ्या प्रकाशासाठीं जगास पुढें तीस वर्षें थांबावें लागलें. तें काम तडीस नेणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांस २०१४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. निळ्या कणावर पिवळसर स्फुरक लेप दिला म्हणजे आपला नेहमींचा पांढरा प्रकाश मिळतो.

मात्र या कणाचा स्वभाव गोळ्याहून अगदीं उलट आहे. गोळ्याची तार तापली कीं तिचा रोध वाढतो आणि ती स्वतःस आवरून धरते. पांढऱ्या एलईडीस सुमारें ३ व्होल्ट दाब लागतो. पण तो थोडासा वाढला तरी प्रवाह पुष्कळ वाढतो. प्रवाहानें कण तापतो, तापला कीं त्यास कमी दाब पुरतो, आणि प्रवाह आणखी वाढतो. असा हा हांवरा प्राणी मोकळा सोडल्यास स्वतःच जळून जातो. वसईच्या वाडींत पाटाचें पाणी सोडलें कीं दारें धरणारा माणूस लागतो. नाहींतर एक वाफा वाहून जातो आणि दुसरा कोरडा राहतो. एलईडीपुढें दारें धरणाऱ्या यंत्रणेस ड्रायव्हर म्हणतात, आणि ती घरीं करतां येते.

तिचा सर्वांत सोपा प्रकार पाहूं. १२ व्होल्टांचा, १ ॲम्पिअर देणारा, भारतीय मानक ब्यूरोचें चिन्ह असलेला ॲडॉप्टर घ्यावा. एक वॅटचे तीन एलईडी एकापुढें एक जोडले कीं त्यांस मिळून ९ व्होल्ट लागतात. उरलेले ३ व्होल्ट १० ओहमच्या रेझिस्टरवर पडतात व प्रवाह ३०० मिलिॲम्पिअर राहतो. अशा कणांस ३५० पर्यंत प्रवाह सोसतो, म्हणून हें प्रमाण सुरक्षित होय. रेझिस्टर मात्र दोन वॅटचा असावा. सहा एलईडी हवे असल्यास अशा दोन सऱ्या कराव्या, आणि प्रत्येक सरीस तिचा स्वतंत्र रेझिस्टर द्यावा.

या साधेपणाचें मोल असें कीं, चवथा हिस्सा शक्ति उष्णतेंत जाते; शिवाय दाब बदलला कीं प्रवाहहि बदलतो. पावसाळ्यांत वीज जाते म्हणून कोणी हा दिवा १२ व्होल्टांच्या बॅटरीवर जोडला, तर ती भरत असतां दाब १४ व्होल्टांवर जातो आणि प्रवाह ४०० मिलिॲम्पिअरांच्याहि पुढें सरकतो. तेथें एलएम ३१७ हा तीन पायांचा नियामक उपयोगी पडतो. तो आपल्या रेझिस्टरवर नेहमीं १.२५ व्होल्टच ठेवतो, म्हणून ३.९ ओहमचा रेझिस्टर लावला कीं प्रवाह ३२० मिलिॲम्पिअरवर स्थिर होतो. मात्र त्यास स्वतःसाठीं सुमारें ३ व्होल्ट लागतात. म्हणून १२ व्होल्टांवर सरींत दोनच एलईडी ठेवावे, आणि नियामकास ॲल्युमिनियमचा पत्रा जोडावा. शक्ति वाचवावयाची असेल तर वेगानें चालू-बंद होऊन प्रवाह राखणारा तयार ड्रायव्हर घ्यावा. येथें एक गोष्ट ध्यानांत असूं द्यावी: वीज गेली असतां माशांना आधीं गरज हवेच्या पंपाची असते, दिव्याची नव्हे.

आतां मुख्य मुद्दा. बाजारांतील कांहीं स्वस्त दिव्यांत ट्रान्स्फॉर्मर नसतो. एका कपॅसिटरनें दाब उतरवून घरची २३० व्होल्टांची वीज सरळ एलईडीच्या पट्टीपर्यंत आणलेली असते. दिवा मंद असला तरी त्याची तार जिवंत असते. ओल्या हातानें पेटींतील शेवाळ पुसणाऱ्या मुलास हा भेद डोळ्यांनीं कळणार नाहीं. असा दिवा पाण्यावर कधींहि लावूं नये. ट्रान्स्फॉर्मरनें अलग केलेल्या १२ व्होल्टांपासून सामान्यतः असें भय नसतें. म्हणून घरीं हात घालावयाचा तो ॲडॉप्टरच्या अलीकडे, पलीकडे नव्हे. ॲडॉप्टर पेटीपासून दूर व उंचावर ठेवावा. तार प्लगकडे जाण्यापूर्वीं खालीं झोळ देऊन न्यावी, म्हणजे ओघळ तिथेंच गळून पडतो. घरांत ३० मिलिॲम्पिअर गळतीवर वीज तोडणारा स्विच असावा, आणि पाण्यांत हात घालण्यापूर्वीं प्लग काढण्याची संवय सर्वांनीं लावून घ्यावी.

एलईडी ॲल्युमिनियमच्या पट्टीवर घट्ट बसवावे, कारण उष्णता हा त्यांचा खरा शत्रु. समुद्रकांठच्या खारट हवेनें डाख लवकर खराब होतात. त्यांवर वॉर्निशचा हात द्यावा. दिवा रोज सहा ते आठ तास पुरे. त्याहून अधिक ठेवल्यास वनस्पतींपेक्षां शेवाळच फोफावतें, आणि माशांना रात्र मिळत नाहीं.

एवढ्या खटपटीऐवजीं तयार दिवा कां न घ्यावा, असें कोणी विचारील. अवश्य घ्यावा. परंतु तो बंद पडला म्हणजे बहुधा एलईडी शाबूत असतात आणि ड्रायव्हरच गेलेला असतो, हें आपण कचऱ्यांत टाकण्यापूर्वीं ओळखूं शकूं. शिवाय ज्या घरांतील मुलानें एकदां तीन व्होल्टांचा हिशेब स्वतः मांडला, तें २३० व्होल्टांपुढें बेफिकीर राहणार नाहीं. पेटींतील मासे सुखी राहतील हा लाभ आहेच. पण विजेचें भय जाऊन तिच्याविषयींची समज घरांत आली, तर तो लाभ त्याहून मोठा.