आपलं ताट आपण उचला



मुख्याध्यापक सरांनी फोनवर बजावलं होतं, "मुलांना मार्गदर्शन करा." पण गाडी गावातल्या पांडववाड्याजवळ आली, शाळेतलं नाटक आठवलं आणि मार्गदर्शन बाजूलाच राहिलं. भीमाने बकासुराला आपल्याच पद्मालयाच्या रानात मारलं, असं आपण सांगतो ना? त्या गोष्टीवरच्या नाटकात मी बकासुर होते. डिंकाने चिकटवलेली मिशी ऐन युद्धात सुटली. ती दातांत धरून मी मेले. प्रेक्षक हसून लोळले. पडदा पडल्यावर विज्ञानाच्या बाईंनी हातात केरसुणी दिली : "आधी रंगमंच झाडा, मग तोंडाचा रंग धुवा."

आता माझ्या कामाबद्दल. आजी विचारायची, "म्हंजे तू पुणाले माशा मारस?" मारत नाही, पाळते. पिकल्या केळ्यांवर घोंगावणारी चिलटं, तीच ही फळमाशी. तिच्यात आम्ही पेशीची साफसफाई पाहतो. पेशीत मोडकी प्रथिनं, निकामी तुकडे साठतात. पेशी त्यांना पडद्यात गुंडाळून पचवते आणि त्यातून नवा माल घडवते. ही ऑटोफॅजी. यीस्टमध्ये तिची यंत्रणा उलगडणाऱ्या योशिनोरी ओसुमींना 2016 चं नोबेल मिळालं. मग माशीच का? आपल्या आजारांशी निगडित जनुकांपैकी सुमारे 75 टक्के जनुकांची भावंडं माशीत आहेत, आणि अंड्यापासून माशी दहा दिवसांत तयार होते. पार्किन्सनच्या आजाराशी संबंधित पिंक-1 किंवा पार्किन हे जनुक माशीत बिघडवलं की उडण्याच्या स्नायूंतली ऊर्जा बनवणारी मायटोकॉन्ड्रिया खराब होतात, पंख लोंबतात. दोन्ही जनुकं मायटोकॉन्ड्रिया सांभाळणाऱ्या एकाच साखळीतली, हे 2006 साली माशीतच दिसलं. पुण्यात आघारकर संस्थेत, आयसरमध्ये माश्यांवर असं काम चालतं. बाकीचं चहाच्या वेळी विचारा.

मला सांगायचंय ते वेगळंच. प्रयोगशाळेत नवी मुलं येतात, हुशार असतात, नव्वद टक्क्यांची असतात. पण वापरलेली बाटली धुवायची म्हटलं की इकडेतिकडे बघतात. अहो, मक्याचं पीठ, यीस्ट, साखर शिजवून माश्यांचं खाणं आम्हीच करतो! ज्याला स्वतःचा पसारा आवरता येत नाही, त्याच्या प्रयोगावर माझा विश्वास नाही. पहिल्या रांगेतल्या आयांनो, दहावीतल्या मुलाचं ताट तुम्ही का उचलता? आणि बाबांनो, हसू नका. तुमचंही कोण उचलतं?

आज भरीत-पुरीचा बेत आहे, वास इथपर्यंत येतोय. जेवल्यावर प्रत्येकाने आपलं ताट घासून ठेवायचं आणि खुर्च्या रचायला शिपाईमामांबरोबर थांबायचं. पाहुण्यांसकट.