नेमून दिलेला जोडीदार

मिशनरी म्हटलं की आपल्याला आठवतात ते १८१३ साली मुंबईत काम सुरू करणारे आणि १८३१ पासून अहमदनगरला ठाण मांडणारे अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री. धर्मशास्त्र शिकलेले, मराठी आत्मसात केलेले, शाळा आणि छापखाने चालवणारे, आयुष्याची कितीतरी वर्षं इथेच घालवणारे. आज ज्याच्याविषयी बोलायचं आहे तो मिशनरी या चित्रात बसत नाही. जगाला मॉर्मन म्हणून ठाऊक असलेल्या, १८३० साली न्यूयॉर्क राज्यात स्थापन झालेल्या पंथाचा हा मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा असतो. नुकतीच शाळा संपलेली, धर्मशास्त्राची पदवी नाही. मुलांनी दोन वर्षं द्यायची, मुलींनी दीड. पगार नाही, उलट खर्चाचा बराच भार तो आणि त्याचं घर उचलतं. कुठे जायचं हेही त्याच्या हाती नसतं. सॉल्ट लेक सिटीतल्या पंथाच्या मुख्यालयातून नेमणूक येते, मग ते ब्राझील असो की शेजारचं आयडाहो. असे सत्तर हजारांहून अधिक तरुण-तरुणी आज जगभर काम करतात. त्यांच्या साध्या आठवड्याकडे पाहिलं तर माझ्या मते एक गोष्ट ठळकपणे दिसते: ही व्यवस्था दाराबाहेर उभ्या असलेल्या मुलाला जेवढी घडवते, तेवढी दार उघडणाऱ्याला क्वचितच बदलते.

सकाळी साडेसहाच्या सुमारास उठायचं. प्रार्थना, व्यायाम, न्याहारी. मग एकट्याने अभ्यास, त्यानंतर नेमून दिलेल्या जोडीदाराबरोबर अभ्यास, आणि परदेशात नेमणूक असेल तर तिथल्या भाषेचा. दहाच्या आसपास बाहेर पडायचं ते रात्री नऊपर्यंत. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी नावपट्टी. तिच्यावर त्याचं पहिलं नाव नसतं. ‘एल्डर’ ही उपाधी आणि आडनाव एवढंच, खाली पंथाचं नाव. दिवसभर दारं वाजवणं, रस्त्यात लोकांशी बोलणं, ठरलेल्या घरी जाऊन शिकवणं, कुणाचं सामान हलवायचं असेल तर हात लावणं. रात्री उद्याचा बेत लिहायचा आणि साडेदहाला दिवे मालवायचे. आठवड्यातून एक दिवस, बहुधा सोमवारी, थोडी उसंत मिळते. त्या दिवशी आठवडाभराचे पांढरे शर्ट धुऊन इस्त्री करायचे, किराणा भरायचा, केस कापायचे, घरी बोलायचं. संध्याकाळी पुन्हा काम सुरू.

आता या श्रमांचं फळ पाहा. समाजशास्त्रज्ञ रॉडनी स्टार्क यांनी मॉर्मन मिशनऱ्यांच्या कामाचा अभ्यास करून दाखवलं की अनोळखी दारावर टकटक करून हजारात एखादाच माणूस पंथात येतो. पहिली भेट एखाद्या मॉर्मन मित्राच्या किंवा नातेवाइकाच्या घरी झाली, तर मात्र हे प्रमाण निम्म्यापर्यंत जातं. म्हणजे माणसं येतात ती ओळखीपाळखीतून. अनोळखी दारावरचा नकार हा मिशनऱ्याच्या वाट्याचा रोजचा शिधा. तरीही प्रथा टिकली, याचं कारण मला त्या जोडीच्या नियमात दिसतं. मिशनरी कधी एकटा नसतो. जोडीदार वरून नेमून दिला जातो आणि काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी बदलला जातो. त्याचं घोरणं, चिडणं, आळस, घरच्या आठवणीने गप्प होणं हे सगळं एका खोलीत सोसायचं आणि सकाळी त्याच्याचबरोबर परक्या दारापुढे उभं राहायचं. न निवडलेल्या माणसाशी जमवून घेण्याची इतकी लांब, इतकी सलग तालीम त्या वयात दुसरीकडे मिळत नाही.

यावर कुणी म्हणेल, ही तर पाळत झाली. अंशतः आहेच. दोघं एकमेकांचे सोबती असतात आणि राखणदारही. पण परक्या शहरात, तुटक्या भाषेत, दिवसभर नकार ऐकणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाला एकटं सोडण्यापेक्षा ही अडचणीची सोबत मला अधिक माणुसकीची वाटते. दुसरा आक्षेप माझ्या लेखी जास्त गंभीर आहे. कुणाच्या तरी घडणीसाठी दुसऱ्याचं दार का वाजावं? धर्म ही ज्याच्या त्याच्या अंतःकरणाची गोष्ट. तिथे तालमीचं मैदान नको. हे मला मान्य आहे. नकार मिळताच दोघांनी नमस्कार करून पुढे जावं, एवढी मर्यादा तरी प्रत्येक दाराला मिळायलाच हवी.

तिसरा प्रश्न स्वेच्छेचा. मुलींनी जायचं की नाही हे त्यांच्यावर सोपवलेलं आहे. मुलांना मात्र लहानपणापासून हे कर्तव्य म्हणूनच सांगितलं जातं. आई-वडील, शेजार, पुढे लग्नाच्या गोष्टी, साऱ्यांची नजर त्या दोन वर्षांवर असते. जिथे नाही म्हणणं इतकं महाग पडतं, तिथे होकाराचं वजन कमी होतं. शिस्त म्हणजे कठोरपणा हवाच, असंही मानायचं कारण नाही. पूर्वी या मुलांना वर्षातून फक्त दोनदा, नाताळला आणि मातृदिनाला, घरी फोन करता येई. फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला घरच्यांशी बोलायची मुभा मिळाली, आणि व्यवस्था कोसळली नाही. तो दुरावा इतकी वर्षं विनाकारणच सोसायला लावला होता, असं मी म्हणेन. म्हणून या प्रथेची खरी परीक्षा मी दोन वर्षं पुरी करून आलेल्यांवरून करणार नाही. आजारपणाने, नैराश्याने किंवा श्रद्धाच डळमळल्याने सहाव्या महिन्यात परतणारी मुलंही असतात. घरी राहून सेवाकार्य करण्याचा पर्याय आता पंथाने अशांसाठी पुढे ठेवला आहे, हे चांगलंच झालं. पण परतल्यानंतरच्या पहिल्या रविवारी प्रार्थनासभेत शेजारच्या बाकावरची माणसं त्या मुलाशी काय बोलतात, ते कुठल्याही नियमपुस्तकाने ठरत नाही.