पहिली आली, तरी दार बंद

(महिला मेळाव्यातील भाषण)



आज मी यकृताच्या, म्हणजे लिव्हरच्या आजारांवर आयुष्यभर संशोधन केलेल्या एका बाईंबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, त्याचा आपल्याशी काय संबंध?

रुग्णालयात काम करताना मला एक चाळिशीची बाई भेटली. अंगाला सतत खाज, पाण्याचा हंडा उचलायचीही ताकद नाही. वर्षभर घरचे तिला कामचुकार म्हणत होते, दवाखान्यात ‘मनाचे खेळ’ म्हणून झोपेच्या गोळ्या देत होते. शेवटी रक्ततपासणीत निघालं, यकृतातल्या पित्तनलिका नष्ट करणारा आजार. या आजाराच्या दर दहा रुग्णांत साधारण नऊ बायका असतात.

ती तपासणी ज्या संशोधनातून आली, ते १९६५ सालचं. ते करणाऱ्यांत दोन बायका होत्या: डेबोरा डोनियाक आणि शीला शेरलॉक.

शेरलॉकबाईंचा जन्म १९१८चा. इंग्लंडमधल्या अनेक मेडिकल कॉलेजांनी त्यांना नाकारलं, मुलगी म्हणून. १९३६ साली एडिंबरोत प्रवेश मिळाला. १९४१ साली त्या पहिल्या आल्या, तरी तिथल्या रुग्णालयात नोकरी नाही! मग लंडनला हॅमरस्मिथ रुग्णालयात गेल्या. सुईनं यकृताचा कण काढून तपासण्याचं तंत्र तेव्हा नवं होतं. ते वापरून त्यांनी काविळीचा अभ्यास केला. १९५५ साली यकृतविकारांवर ग्रंथ लिहिला. १९५९ साली रॉयल फ्री रुग्णालयात त्या मेडिसिनच्या प्राध्यापक झाल्या, ब्रिटनमधल्या पहिल्या स्त्री. घरी दोन मुलीही वाढवल्या.

या रॉयल फ्रीचं आपल्याशी नातं आहे. १८७४ साली लंडनमध्ये बायकांसाठी मेडिकल स्कूल निघालं, पण मुलींना वॉर्डात कुणी घेईना. १८७७ साली रॉयल फ्रीनं घेतलं. ‘नांदायला जाणार नाही, तुरुंगात जाईन’ म्हणणाऱ्या आपल्या रखमाबाई १८८९ साली याच स्कूलमध्ये शिकायला गेल्या.

म्हणजे नुसत्या हुशारीनं दार उघडलं नाही. आधीच्या बायकांनी भांडून ते उघडून ठेवलं होतं. आणि पहिल्या येणाऱ्या बाईलाच आत घ्यायचं, हा कुठला न्याय? पुरुष तर विसावा आला तरी डॉक्टर होतो.

तेव्हा दोन गोष्टी करूया. वस्तीतली बाई खाज, थकवा सांगत असेल तर तिच्यासोबत दवाखान्यात जाऊन यकृताची तपासणी मागूया. आणि सायन्सला जायचं म्हणणाऱ्या मुलीच्या घरी आपण गटानं जाऊया. एकटीला पाठवायचं नाही.