आधी बोट, मग पाणी

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



‘घरातल्या झाडांची निगा’ या विषयावर बोला, असं सेक्रेटरींनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, अहो, मी बँकेतला माणूस. पस्तीस वर्षं खतावण्या तपासल्या, खत कधी हातात धरलं नाही. ते म्हणाले, “मग तुमच्या चुका सांगा.” त्या भरपूर आहेत, म्हणून उभा राहिलो.

आमच्या घरातली झाडं हिची. इथे राहायला आलो त्याच महिन्यात हिने मनीप्लँटची एक फांदी बाटलीत लावली. पुढे हॉल आणि बाल्कनी मिळून बावीस कुंड्या झाल्या. माझं काम सांगेल तिथे कुंडी उचलून ठेवायचं, बस्स.

चार वर्षांपूर्वी ही गेली. दिवसकार्य आटोपून पाहुणे परतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी झारी घेऊन बाल्कनीत उभा राहिलो. मनाशी ठरवलं, हिचं एकही झाड मरू द्यायचं नाही. सकाळी पाणी, संध्याकाळी पुन्हा पाणी. एक दिवस खाडा नाही. तरीही तीन महिन्यांत सात झाडं गेली. पानं पिवळी पडायची, मला वाटायचं तहानली असतील, मी आणखी पाणी घालायचो.

एक दिवस आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी म्हणाल्या, “साहेब, ताई असं रोज नव्हत्या घालत. आधी मातीत बोट घालून बघायच्या.” इतकी वर्षं एका घरात राहून हे मला ठाऊक नव्हतं, मावशींना होतं! मेलेलं झाड उपटून पाहिलं तर मुळं काळी, लिबलिबीत, कुबट वासाची. मुळांनाही हवा लागते. माती सतत चिंब राहिली की हवेची जागा पाणी घेतं आणि मुळं कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून झाड तहानल्यासारखं दिसतं. मी त्याच रोगावर तेच औषध देत होतो.

तेव्हापासून नियम एकच. बोटाची दोन पेरं मातीत घालायची. ओल लागली तर झारी खाली ठेवायची. मे महिन्यात बाल्कनीतल्या कुंडीला रोज पाणी लागेल, पण पावसाळ्यात हॉलमधल्या स्नेक प्लँटला पंधरा-पंधरा दिवस लागत नाही. आणि कुंडीच्या तळाचं भोक बुजलेलं नाही ना, हेही बघा.

दुसरी गोष्ट धुळीची. आपल्या रस्त्याकडच्या घरांत आठवड्यात पानांवर थर बसतो. धुळीने पानाला मिळणारा उजेड कमी होतो. एक हात पानाखाली धरून ओल्या मऊ फडक्याने हलकेच पुसा. चकाकीसाठी दूध किंवा खोबरेल लावू नका, त्यावर धूळ आणखी चिकटते. पुसताना पान उलटून बघाच. पिठ्या ढेकूण, मावा, कोळी तिथेच दडतात. कापसासारखं पांढरं दिसलं की ती कुंडी लगेच बाजूला काढायची. लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि भांड्यांच्या लिक्विडचे दोन-चार थेंब घालून, ऊन उतरल्यावर फवारायचं. आठवड्याने पुन्हा. तुळशीची पानं आपण खातो, ती मात्र नुसत्या पाण्याने धुवा.

आता तिसरी गोष्ट, जी सांगायला मला लाज वाटते. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात महापालिकेचे कर्मचारी तपासणीला आले. कुंडीखालच्या ताटलीत त्यांनी बॅटरी मारली. अळ्या वळवळत होत्या. त्याच आठवड्यात आमच्या खालच्या मजल्यावरच्या मुलाला डेंग्यू झाला होता. तो डास माझ्याच ताटलीतला, असं कोणी म्हणालं नाही, सिद्धही होणार नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. पोरगा बरा होऊन खाली क्रिकेट खेळताना दिसला, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

डेंग्यूचा डास मुख्यतः साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही. दर आठवड्याला ताटली घासायची. मनीप्लँटची बाटलीसुद्धा. आपली कुंडी आपल्या घरात असली, तरी डासाला फ्लॅट नंबर कळत नाही.

हिच्या बावीसपैकी पंधरा झाडं आज ठणठणीत आहेत. त्यातला पहिला मनीप्लँट पार खिडकीवर चढलाय. त्याच्या फांद्या काढून पंचवीस बाटल्या भरल्यात, दाराजवळच्या टेबलावर ठेवल्यात. जाताना घेऊन जा. अट एकच, दर रविवारी बाटली घासून पाणी बदलायचं. मी विचारायला येणार आहे!