मणक्यातील पाणी



मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला निवृत्त शाळामास्तर. वैद्यकावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की या बाबतीत माझ्या हातून चूक घडली आहे.

माझ्या सात वर्षांच्या नातवास दोन आठवडे बारीक ताप येत होता. तो किरकिर करी, मधूनच ओके. एके सकाळी त्याचा उजवा हात व पाय लुळा पडला. बालकासही पक्षाघात होतो, हे मला ठाऊक नव्हते. डोक्याचे स्कॅन झाल्यावर डॉक्टरांनी मणक्यातील पाणी तपासण्यासाठी संमती मागितली. पाणी काढले की पोर जन्माचे लुळे होते, असे गावोगाव बोलतात. मुलगा सही करणार होता. मीच त्याचा हात धरला. दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला समजावले. मज्जारज्जू जेथे संपतो त्याच्याही खाली, कमरेत सुई घालतात. काढावयाचे पाणी दोन-चार चमचेही नसते, आणि शरीर ते काही तासांत भरून काढते. जर्मनीत क्विंके यांनी ही रीत १८९१ सालीच रूढ केली. मूल लुळे पडते ते रोगाने. आपण सुई उशिरा टोचू देतो आणि दोष तिला लावतो.

पाण्यात पेशी व प्रथिने वाढलेली, साखर उतरलेली निघाली. क्षयाचा मेंदूज्वर! त्याची सूज मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्या आवळते व रक्त अडते. क्षयाची औषधे वर्षभर, आणि आरंभी स्टिरॉइड, असा उपचार ठरला. कांजिण्यांनंतर काही महिन्यांनी अर्धांग झाले, तर त्या विषाणूचा मागही याच पाण्यात लागू शकतो. पक्षाघाताच्या प्रत्येक बालकास ही तपासणी लागत नाही. मेंदूत दाब वाढला असल्यास ती धोक्याचीही असते, म्हणून प्रथम स्कॅन. तो निर्णय डॉक्टरांचा, आपला नव्हे.

माझ्या तरुणपणी अशा मुलास घेऊन हैदराबाद वा औरंगाबाद गाठावे लागे. नांदेडला १९८८ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. लातुरासही आता आहे. रुग्णालय जवळ आले, भीती मात्र आपण बरोबर घेऊन जातो. तान्ह्या बाळास बी. सी. जी.ची लस टोचविण्यातही कित्येक घरे अजून चालढकल करतात. ती प्रामुख्याने याच मेंदूज्वरापासून बालकांचे रक्षण करते.

नातू आता चालतो. उजवी मूठ पुरती उघडत नाही, म्हणून डाव्या हाताने लिहितो. शाळेत असताना मी डावखुऱ्या पोरांच्या हातावर छडी मारीत असे.